किल्वे बेटावरच्या बाई

"चारच वाक्यं आहेत. वाचाल ना?"

खिडकीपलीकडून आवाज आला, तेव्हा मारिबेल मान खाली घालून कुणाचा तरी निरोप कापत होती. कापणं हेच तिचं काम. अचाओ बंदरावरच्या त्या दोन खोल्यांच्या रेडिओ केंद्रावरून रोज दुपारी बारा वाजता ती बेटांवरच्या माणसांसाठी निरोप वाचायची. कुणाला दवाखान्यातून सोडलं, कुणाच्या बहिणीला मुलगी झाली, कुणी धक्क्यावर घोडा घेऊन थांबायचं... आसपासच्या बेटांवर मोबाईलला रेंज नसायची, पण रेडिओ मात्र प्रत्येक चुलीजवळ असायचा. एका निरोपाला तीस शब्द, असा नियम. लोक शंभर घेऊन यायचे आणि वर म्हणायचे, "यातला एकही काढू नकोस गं पोरी!"

तिने हात पुढे करून कागद घेतला. कोपरा पावसाने भिजलेला, अक्षर मोठं आणि सावकाश काढलेलं. तिने सवयीने पेन्सिल टेकवली... आणि ती तशीच राहिली.

*ऑर्तेन्सिया कार्कामो, किल्वे बेट. कौलं मिळाली, सुकी आहेत. शनिवारी येतो, वारा असला तर बुधवारी. गळतीखाली बादली ठेवा.*

"कोणी लिहून दिलं हे तुम्हाला?"

"म्हणजे? माझ्याकडे बघून मला लिहिता येत नसेल असं वाटतं का?"

तिने वर पाहिलं. लोकरीच्या टोपीतून पाणी निथळत होतं, भुवयांत लाकडाचा भुसा अडकला होता आणि त्याखालचे डोळे चक्क हसत होते.

"तसं नाही हो... यात कापायला काहीच नाहीये."

"मग वाईट वाटतंय का? सांगा, दोन फालतू शब्द घालून देतो."

मारिबेलला हसू आलं. कितीतरी दिवसांनी, कामाच्या वेळी, असं एकदम. तिने निरोपावर तारीख टाकली, नाव पुन्हा वाचलं आणि मग ते हसू ओठांवरच थांबलं. मघाशी शब्दांच्या नादात नावाकडे लक्षच गेलं नव्हतं.

"या ऑर्तेन्सिया कार्कामो... शिक्षिका होत्या का? इथे, अचाओच्या शाळेत?"

"होत्या नाही," तो म्हणाला, "आहेत."

धक्क्यावर लाँचमधून सामान उतरवायचा भोंगा वाजला. त्याने टोपी डोळ्यांवर ओढली, जायला वळला, पुन्हा मागे फिरला. काहीतरी बोलायचं होतं बहुतेक.  मग "एलिसेओ. एलिसेओ नावेल्किन," असं स्वतःचं नाव तेवढं सांगून पावसात पळाला.

त्या दिवशी बारा वाजता मारिबेलने अकरा निरोप वाचले. बारावा वाचताना 'किल्वे बेट' या शब्दापाशी तिचा आवाज चिरकला. काचेपलीकडे यंत्र सांभाळत बसलेल्या रुबेनकाकांनी, ज्यांनी वीस वर्षांत कधी मान वर केली नव्हती, मान वर केली.

"सर्दी झाली का गं?"

"हो काका," ती म्हणाली. आता बाईंनी माझा आवाज ऐकला असेल... ओळखला असेल का? देवा, ओळखला नसू दे.

*

बाईंच्या वर्गात मारिबेल पहिल्यांदा बसली तेव्हा बारा वर्षांची होती. मासेमारांची, बटाटे पिकवणाऱ्यांची पोरं सगळी; भाषेचा तास म्हणजे झोपायचा तास. बाई आल्या त्या हातात बादली घेऊन. प्रत्येकाच्या तळहातावर त्यांनी एक ओला, गार, वाळू लागलेला शिंपला ठेवला आणि म्हणाल्या, "हा काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून कुणीच तो नीट पाहिलेला नाही. लिहा."

कुणाच्याही वहीवर त्या चूक-बरोबर अशी खूण करत नसत. एकच प्रश्न विचारायच्या. "हे तू पाहिलंस, की ऐकलंस?"

मारिबेलचे वडील समुद्रात गेले त्या वर्षी तिने निबंधात लिहिलं होतं, 'क्रूर सागराने माझ्या पित्याला गिळले.' बाई तिच्या बाकाशी आल्या. वाकून, हळू आवाजात म्हणाल्या, "हे पाहिलंस, की ऐकलंस?"

"...ऐकलं, बाई."

"मग तू काय पाहिलंस?"

 मारिबेल म्हणाली, "आई दर रविवारी त्यांचे बूट पुसते. अजून. दाराशी ठेवते."

"ते लिही."

तिने लिहिलं. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं.  नेहमी दंगा करणाऱ्या मागच्या बाकावरच्या एकाने बाहीने नाक पुसलं. मारिबेल स्वतःच्याच वहीकडे घाबरून बघत राहिली. आपल्या हातून हे झालं? चार साध्या ओळींनी? आत कुठेतरी दार उघडावं आणि पलीकडे अख्खं घर असावं, जे आपलंच होतं आणि आपल्याला माहीत नव्हतं, तसं तिला वाटलं होतं.

पुढे वाल्दिव्हियाच्या विद्यापीठात साहित्य शिकायला जायचं ठरलं, तेव्हा बाई स्वतः बसने तिला सोडायला गेल्या. निघताना एवढंच म्हणाल्या, "तू लिहिशील."

आणि दोन वर्षांत आईला अर्धांगवायूचा झटका आला. मारिबेल परत आली ती आलीच. बाई तोवर निवृत्त होऊन मुख्य भूमीवर बहिणीकडे गेल्या होत्या. त्यांचं एक पत्र आलं. दोन आली. मारिबेलने उत्तर दिलं नाही. काय लिहिणार? की तुमची लाडकी विद्यार्थिनी आता 'घोडा घेऊन धक्क्यावर यावे' असं लिहिते? लाजेची एक गंमत असते... जितकी जुनी होते, तितकं तिला घराबाहेर काढणं कठीण जातं. सहा वर्षं झाली होती.

*

पुढच्या बुधवारी एलिसेओ पुन्हा आला. पुन्हा भिजलेला. जणू गावातला सगळा पाऊस याच माणसासाठी राखून ठेवलेला होता.

*ऑर्तेन्सिया कार्कामो, किल्वे बेट. खिळे गंजके निघाले, बदलून घेतो. स्वल्पविरामला बाहेर सोडू नका.*

"हे काय? स्वल्पविरामला?"

"मांजर आहे बाईंची."

"मांजरीचं नाव स्वल्पविराम?"

"कुठेही मध्येच येऊन बसते म्हणून."

मारिबेल इतकी हसली की आतून रुबेनकाका ओरडले, "सर्दी बरी झाली वाटतं!"

त्याच्या पुढच्या बुधवारी तिने सकाळी केस दोनदा विंचरले आणि स्वतःलाच सांगितलं, की ओल्या हवेत गुंता फार होतो. साडेदहा वाजले. अकरा. लाँच केव्हाच लागली होती. सव्वाअकराला तो आला, खांद्यावर लाकडी कौलांचा गठ्ठा, आणि तिला म्हणाला, "वाट बघत होतात?"

"मी? छे. निरोप घ्यायची वेळ संपत आली म्हणून दाराकडे बघत होते."

"खिडकीतून?"

"...दार खिडकीतूनच दिसतं."

हसू लपवायला त्याने गठ्ठा उगाच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

त्या दिवशी पावसाने धरलं आणि तो तिथेच अडकला. रुबेनकाकांनी न मागता आत दोन कप गरम चहा आणून ठेवला आणि स्वतः गायब झाले. तेव्हा एलिसेओने सांगितलं, की तो सुतार. छपरं शाकारतो, होड्या दुरुस्त करतो. आठव्या वर्षी बापाबरोबर जंगलात लाकूड तोडायला गेला, शाळा सुटली ती सुटली. चार वर्षांपूर्वी मुख्य भूमीवरची बहीण वारल्यावर एक म्हातारी शिक्षिका त्या बहिणीच्या किल्वेमधल्या जुन्या घरात राहायला आली. तिचं दार अडकत होतं म्हणून याला बोलावलं.

"म्हणाल्या, काय काय सामान लागेल ते कागदावर लिहून दे. मी म्हटलं, बाई, मला लिहिता येत नाही. तर म्हणाल्या, दार नंतर. आधी बस."

"आणि?"

"दार तीन महिने तसंच अडकत राहिलं. पण मी 'बिजागरी' लिहायला शिकलो." त्याने कपात बघत म्हटलं, "सत्तावीस वर्षांचा होतो. पहिल्यांदा स्वतःचं वाक्य वाचलं तेव्हा बाहेर जाऊन उभा राहिलो. आत बसवेना. वाटलं, हे मी बोललोय, आणि मी गप्प झाल्यावरही हे इथे बोलतंच आहे..."

मारिबेल त्याच्याकडे बघत राहिली. ही तीच भीती होती, तेच आश्चर्य. तिच्या वहीतलं, तिच्या बाकावरचं. हा माणूस त्याच दारातून आत आला होता.

"तुम्ही या ना एकदा किल्वेला," तो म्हणाला.

"नाही."

"एवढ्या लवकर?"

मग तिने सगळं सांगितलं. वाल्दिव्हिया, आई, ती दोन पत्रं. बोलताना ती नखाने पेन्सिलीचा रंग सोलत होती. "त्यांनी माझ्यात काहीतरी पाहिलं होतं, एलिसेओ. आणि मी ते वाया घालवलं. कोणत्या तोंडाने जाऊ?"

एलिसेओने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. "एक सांगू? ...नको. ते मी सांगायचं नाही." तो उठला, टोपी घातली. दाराशी जाऊन, पाठमोरा, म्हणाला, "त्यांना आता दिसत नाही, मारिबेल. गेल्या हिवाळ्यापासून. उजेड तेवढा कळतो."

तो पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारत होता, आणि तीही असल्या वाक्यात. ती त्या रात्री झोपली नाही.

*

तिला जायचा धीर व्हायला आणखी तीन बुधवार लागले. शनिवारी तिची सुट्टी. त्या दिवशी निरोप रुबेनकाका वाचायचे. आईजवळ मावशीला बसवून ती लाँचवर चढली. बटाट्याची पोती, दोन मेंढ्या, एक शिवणयंत्र आणि कौलांच्या शेवटच्या गठ्ठ्यावर बसलेला एलिसेओ. त्याने बाजूला सरकून जागा केली.

तीन तासांचा प्रवास. पाऊस आडवा येत होता. त्याने स्वतःचा लोकरीचा पाँचो तिच्या अंगावर टाकला. त्याला धुराचा आणि ताज्या लाकडाचा वास होता.

"तुम्ही भिजाल."

"एक विनंती करू? ते 'तुम्ही' सोडा. तुम्ही म्हणालात की मला वाटतं, माझ्या मागे कोणीतरी मोठा माणूस उभा आहे."

"बरं... तू भिजशील."

"भिजू दे," तो म्हणाला. एवढा खूश की मेंढीनेसुद्धा मान वळवून पाहिलं.

अर्ध्या वाटेवर धुकं उतरलं. लाँचचा वेग मंदावला, बेटं एकेक करून पुसली गेली. एलिसेओ म्हणाला, "बघ, धुकं कसं कापसासारखं..." आणि थांबला. कपाळाला आठ्या पडल्या. "नाही. कापूस मी कुठे पाहिलाय? धुकं आलं ना, की आमच्या बेटावरचे कुत्रे भुंकायचे थांबतात. आपली माणसं कुठली, परकी कुठली, त्यांनाच कळेनासं होतं."

मारिबेलने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ओठांवर आलेला प्रश्न तिला विचारावाच लागला नाही. दोघं एकदमच म्हणाले, "पाहिलंस, की ऐकलंस?" आणि हसत सुटले. हसता हसता तिचा हात त्याच्या हातावर पडला, आणि काढायचं दोघांनाही सुचलं नाही.

किल्वे दिसू लागलं तसा तिचा हात गार पडत गेला.

"मला परत जायचंय."

"लाँच आता बुधवारीच," एलिसेओ शांतपणे म्हणाला. "मुद्दाम सांगितलं नव्हतं."

*

बाईंचं घर धक्क्यापासून चढावर होतं. चिमणीतून धूर, दाराशी चिखलाने भरलेल्या बुटांच्या सात जोड्या. एलिसेओने दार ढकललं. हाक मारणार, तोच आतून एक हात वर झाला. थांबा, बोलू नका.

बारा वाजले होते. रेडिओ लागला होता.

मारिबेल उंबऱ्यातच उभी राहिली. मोठी लोखंडी चूल, तिच्याभोवती बाकांवर सात माणसं. पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा, हातांवर जाळ्याच्या दोऱ्यांचे वळ असलेली बाई, कडेवर बाळ असलेली एक तरुण पोर... सगळ्यांच्या मांडीवर वह्या. आणि चुलीशेजारच्या खुर्चीत, मांडीवर करडी मांजर घेऊन, बाई. केस पूर्ण पांढरे. केवढ्याशा झाल्या होत्या! पण मान तीच. ऐकताना किंचित डावीकडे कललेली.

रुबेनकाकांनी आपल्या भसाड्या आवाजात सहा निरोप वाचले आणि संपवले.

"आज काही मजा नाही," मिशांवाला म्हातारा पुटपुटला. "ती नसली की निरोप नुसता निरोप वाटतो."

"शनिवारी तिची सुट्टी असते, दोरोतेओ. दर शनिवारी काय तेच तेच," बाई म्हणाल्या. तोच आवाज, जरा वाळलेला. "म्हणून तर शनिवारी आपण जुने काढतो. गेल्या वर्षीची वही घ्या. ऑगस्टमधलं वादळ. वाच."

दोरोतेओने बोट ठेवून, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा वाचला. "वेरा कुटुंबासाठी. पाचही जण किनाऱ्यावर आहेत. जिवंत आहेत. भिजलेले आहेत."

 तो मारिबेलचा स्वतःचा निरोप होता. बंदर कार्यालयाकडून आलेला अर्ध्या पानाचा मजकूर कापून, दोन मिनिटांत लिहिलेला.

"आता सांगा," बाई म्हणाल्या. "निरोप तर तिसऱ्या वाक्यात संपला. मग हे चौथं कशाला? तिने तर एक शब्द जास्त झाला तरी काढला असता. हा का ठेवला?"

 चुलीत लाकूड फुटलं. मग जाळ्याच्या वळांची ती बाई, वहीकडे न बघता, हळू म्हणाली,

"मी सांगू, बाई? नुसतं 'जिवंत' ऐकलं ना... विश्वास बसत नाही. कुणीही म्हणेल जिवंत. पण 'भिजलेले' म्हटलं, की दिसतात. मी तेव्हाच उठले. नवऱ्याचे, दिरांचे, दोन्ही पोरांचे, पाचांचे कोरडे कपडे काढून चुलीवर गरम करत ठेवले. तोवर मला बसल्या जागचं उठताच येत नव्हतं."

मारिबेलने दाराची चौकट धरली. ते शब्द कुठे गेले असतील, असा विचार तिने कधी केलाच नव्हता. खिडकी नसलेल्या खोलीतून, लोखंडी खांबावरून ते निघायचे आणि संपायचे, असं तिला वाटे. आणि ते इथे येत होते. इथे माणसं त्यांच्या आधाराने उठून उभी राहत होती.

"दारात कोण आहे?" बाई म्हणाल्या. "एलिसेओची पावलं मला माहीत आहेत. दुसरी कुणाची?"

"बाई..." मारिबेल म्हणाली. बस, एवढंच. 

त्या एका शब्दावर सात मानांनी गर्रकन वळून पाहिलं. बाळ घेतलेल्या पोरीने तोंडावर हात ठेवला. हा आवाज त्यांना स्वतःच्या घरातल्या माणसाइतका ठाऊक होता.

 बाईंचा हात मांजरीच्या पाठीवर फिरायचा थांबला.

"उशीर केलास," त्या म्हणाल्या. मग घसा साफ करून, "दार लाव. ऊब जातेय."

मारिबेल जाऊन त्यांच्या पायाशी बसली. बाईंची बोटं तिच्या ओल्या केसांवरून, कपाळावरून, गालांवरून फिरली, नवीन पान वाचावं तशी. "रडू नको, मला दिसत नाही, फुकट जाईल," त्या म्हणाल्या, आणि मारिबेल हसत हसत आणखीच रडली.

"मी शिक्षण सोडलं बाई. मी काहीच लिहिलं नाही..."

"काहीच? सुलेमा, तिला ते फडताळ दाखव."

जाळ्याच्या वळांची बाई, सुलेमा, उठली. फडताळात वह्याच वह्या होत्या, खालपासून वरपर्यंत. चार वर्षांचे, दर दुपारचे निरोप. वेगवेगळ्या अडखळत्या अक्षरांत उतरवलेले. मारिबेलने एक उघडली. 'रोसा, बाळ आलं. तुझं नाक आहे.' दुसरी. 'गाय सापडली. घाबरलेली आहे, आम्ही पण.' प्रत्येक निरोप तिच्या पेन्सिलीखालून गेलेला, तिने विसरून टाकलेला.

"पहिल्याच दिवशी ओळखलं मी," बाई म्हणाल्या. "आवाज नव्हे, वाक्य ओळखलं. त्याच दिवसापासून हाच माझा धडा. पुस्तकं कुठून आणू इथे? आणि कशाला आणू? तुला वाटलं, मी तुला विद्यापीठासाठी शिकवलं? मी आयुष्यभर पोरांना म्हणत आले, खरं लिहा, कुणीतरी ऐकेल. पण ते ऐकताना मी स्वतः कधी पाहिलं नव्हतं. इथे रोज पाहते. हो, पाहते. बारा वाजता अख्खं बेट हातातला चमचा खाली ठेवतं."

"मग मला निरोप का नाही पाठवलात बाई? एकदाही?"

"काय पाठवणार? 'परत ये'? तुझ्याच हातात पडला असता. तू कापून टाकला असतास."

सगळे हसले. दोरोतेओ तर डोळे पुसत हसला. तेवढ्यात बाईंनी मान एलिसेओच्या दिशेला केली.

"आणि या महाशयांना विचारा. शनिवारी घरी येणारा माणूस, कौलं मिळाली हे बुधवारी रेडिओवरून कशाला सांगत होता? चार वर्षांत कधी पाठवला नाही, आणि एकदम सहा बुधवार सहा निरोप!"

"मी... छपराचं बघतो," एलिसेओ म्हणाला आणि हातोडी उचलून बाहेर सटकला.

*

सुलेमाने वाढलेली बटाट्याची गरम मिल्काओ भाकरी हातात धरूनच मारिबेल बाहेर आली. पाऊस विरळ झाला होता. शिडी छपराला टेकलेली, वरून ठोकण्याचा आवाज.

"एलिसेओ!"

ठोकणं थांबलं. छपराच्या कडेवरून डोकं बाहेर आलं.

"सहा बुधवार का?"

"कौलं जड असतात. एका वेळी पन्नासच येतात."

"धक्क्यावरचा माणूस म्हणाला, तीनशे एका फेरीत आली असती."

"तो माणूस फार बोलतो."

"आणि तोवर बाईंच्या घरात पाणी गळत होतं?"

"बादली ठेवली होती."

"दोन बादल्या!" घरातून बाईंचा आवाज आला, आणि पाठोपाठ सात जणांचं हसू.

एलिसेओ कानापर्यंत लाल झाला. त्याने हातोडी बाजूला ठेवली, कडेवर पाय सोडून बसला. 

"अक्षरं मी बाईंकडून शिकलो," तो म्हणाला. "वाक्य तुझ्याकडून. रोज दुपारी. तू 'गाय सापडली' म्हणालीस, ते मी अकरा वेळा लिहिलं होतं. लाँच अचाओला लागली की मी रेडिओच्या रस्त्याने जायचोच नाही. म्हटलं, हा आवाज आहे तो पुरे आहे, त्याला माणूस जोडला आणि माणूस वेगळाच निघाला तर? मग त्या दिवशी पाऊस फार होता, आडोशाला शिरलो... तू खिडकीत बसली होतीस. नाकाला पेन्सिलीचं शिसं लागलं होतं. कुणाच्या तरी निरोपातला एक शब्द काढावा की नाही, याच्यासाठी तू अशी कासावीस झाली होतीस, जसा तो शब्द तुझा पाहुणा आहे. मी तिथेच बाहेर कुणाकडून तरी कागद मागून घेतला आणि कौलांचा निरोप लिहिला. कौलं अजून विकतसुद्धा घेतली नव्हती."

"मग 'मिळाली' लिहिलंस ते?"

"आयुष्यात लिहिलेली ती एकच थाप." त्याने टोपी काढली. "हे खरं आहे. मला तुझ्याबरोबर राहायचंय, मारिबेल. तुझी आई तिकडे, बाई इकडे... कसं ते मला माहीत नाही. पण रोज. म्हातारं होईपर्यंत."

"शेवटचं ऐकू आलं नाही!" आतून बाई ओरडल्या. "मोठ्याने बोल!"

मारिबेलने उरलेली भाकरी दाराशी आलेल्या मांजरीपुढे ठेवली आणि शिडीवर पाय दिला. पावलं घसरत होती, पायऱ्या ओल्या होत्या. अर्ध्यावर तो वाकला, तिचा हात धरून तिला वर घेतलं. दोघं छपराच्या कण्यावर शेजारी बसली.

आणि मग तिने समोर पाहिलं.

धुकं उठलं होतं. राखाडी समुद्रावर बेटं पसरली होती, हे एक, ते एक, त्यापलीकडे आणखी एक, आणि प्रत्येकावर चिमण्यांतून सरळ धूर. कागुआच, अपियाओ, मेउलिन... सहा वर्षं ती ही नावं वाचत होती. त्या टोकाला तो लंगडा होडीवाला, ज्याचा मुलगा दक्षिणेतून परतल्याचं तिने कळवलं होतं. त्या टेकडीमागे ती विधवा, जिला दर महिन्याला एकच निरोप यायचा, 'मी बरी आहे, आई.' खोलीत बसून ती ज्यांच्याशी बोलत आली, ती सगळी तिथे होती. खरीच होती. चुली पेटवून बसलेली होती.

"इतकी माणसं..." ती पुटपुटली.  एका बाईने एकदा एका पोरीच्या बाकाशी वाकून एक प्रश्न विचारला, त्याला चौदा वर्षं झाली. आणि तो प्रश्न अजून चालतच होता. पाण्यावरून, घराघरांत, या शेजारी बसलेल्या माणसाच्या आत.

 एलिसेओ तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

तिने डोकं त्याच्या ओल्या खांद्यावर टेकलं. "हो," ती म्हणाली. इतकं हळू, की त्यालाच कसंबसं ऐकू गेलं.

खालून बाईंचा अधीर आवाज आला. "काय म्हणाली? अरे, कोणीतरी बघा ना, काय म्हणाली ती?"

अंगणात पावलं वाजली. सुलेमा बाहेर येऊन, कपाळावर हात धरून वर बघत उभी होती. तिने बराच वेळ पाहिलं, आणि मग दाराकडे तोंड करून म्हणाली, "बाई, ती काही बोलत नाहीये. दोघं नुसती बसलीत, हातात हात घालून. समुद्राकडे बघतायत."

आत खुर्ची करकरली.

"बरं," बाई म्हणाल्या.  "मग वह्या काढा. सुलेमाने आत्ता जे पाहिलं, ते तिच्याकडून नीट विचारून घ्या. आणि लिहा."